भरतीला ‘चालशे’ चालत नाही

पत्र

मावशी, आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. घरात सासू-सासरे, मोठे भाऊजी-जाऊबाई, आम्ही दोघं आणि दोघांची मिळून चार मुलं. गेल्या श्रावणात सगळे कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेवाच्या दर्शनाला गेलो होतो. दर्शन झाल्यावर मोठे भाऊजी मुलांना घेऊन दोरीपलीकडच्या चिखलात उतरले. ‘पुढे जाऊ नये’ असा गुजरातीत मोठा बोर्ड होता. काठावरून एक माणूस ओरडत होता, मीही ओरडत होते. भाऊजींचं आपलं एकच, “चालशे, चालशे (म्हणजे चालेल), पाणी केवढं लांब आहे!” दहा-पंधरा मिनिटांत सगळे परत आले, काहीच झालं नाही. पण मी चारचौघांत आवाज चढवला याचं घरात फार झालं. तेव्हापासून माझं नाव ‘सायरन’ पडलंय. त्या वेळचा मुलांचा फोटो फॅमिली ग्रुपचा डीपी आहे, सोबत पाठवतेय.

आता दिवाळीत जामनगरला नणंदेकडे भाऊबीज आणि दुसऱ्या दिवशी मरीन नॅशनल पार्क, असं ठरलंय. भाऊजींना कुणीतरी सांगितलंय की गाइडबिइड नको, एक बोटवाला थेट बेटावर नेतो, परवानगीची भानगड नाही. सासरे म्हणतात, भरतीची वेळ मी तिथीवरून काढून देतो, आपण मूळचे रत्नागिरीकडचे. नवरा म्हणतो, तू कशाला मधे पडतेस. मी मुलांना घेऊन नणंदेकडेच थांबू का?

आणखी एक. भाऊजींनी ओख्याकडून माझ्या मुलासाठी प्रवाळाचा तुकडा आणला होता, तो आमच्या शोकेसमध्ये आहे. मुलाच्या वर्गात कुणीतरी म्हणालं, हे घरात ठेवणं गुन्हा आहे. खरं का?

– एक सायरन, बडोदं

उत्तर

सायरनबाई,

पत्राच्या आधी मी तुझा फोटो उघडला आणि चष्मा पुसून पुन्हा बघितला. चारही पोरं घोट्यापर्यंत चिखलात, सगळ्यात धाकटीने सँडल हातात धरलेत, मोठ्याने दोन बोटं वर केलीत. फोटो काढणाऱ्याची पाठ समुद्राकडे आहे, म्हणून मुलांच्या मागे काठ दिसतो, दोरी दिसते, अगदी बोर्डसुद्धा दिसतो. सगळे फोटोत मुलांकडे बघत असतील. तू त्यांच्या गुडघ्यांच्या मागे बघ. मुलं आणि काठ यांच्या मधे, आडवी, बोटभर जाडीची एक चमकती रेघ आहे. ती ओली वाळू नव्हे. तो चर आहे, आणि त्यात पाणी शिरायला लागलंय.

तुझे भाऊजी समुद्राच्या दिशेला बघून म्हणाले, पाणी लांब आहे. खरंच लांब असेल. खंभातच्या आखातात पाणी समोरून लाटा उडवत येईल अशी वाट बघत बसलं तर ते पाठीमागून येऊन भेटतं. चिखलाचं मैदान दिसायला सपाट असलं तरी त्याला चर असतात, आणि भरतीचं पाणी आधी त्या चरांतून आत शिरतं. उभं राहायची जागा कोरडी असते तेव्हा परतीची वाट बुडालेली असते. तेव्हा ‘काही झालं नाही’ हे तुमचं नशीब. तुझं ओरडणं बरोबर होतं, हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

आता थोडा हिशोब, कारण घरातल्या माणसांशी भांडण्यापेक्षा आकड्यांना बोलू दिलेलं बरं. मुंबईला मोठ्या भरती-ओहोटीत पाण्याच्या पातळीत साधारण चार-पाच मीटरचा फरक पडतो. आपल्या खंभातच्या आखातात, भावनगरच्या बाजूला, तो दहा मीटरच्या वर जातो. तीन मजली घर रोज दोनदा बुडायचं आणि दोनदा उघडं पडायचं, असं समज. आखाताचं तोंड रुंद आणि आत ते नरसाळ्यासारखं निमुळतं, उथळ होत जातं, म्हणून आत घुसलेल्या पाण्याला वर चढण्यावाचून जागाच उरत नाही. आणि हे पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. भरतीच्या सहा तासांत चढणाऱ्या पाण्याचे बारा वाटे केले, तर ढोबळमानाने पहिल्या तासात एक वाटा येतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन आणि शेवटी एक. म्हणजे सुरुवातीला वाटतं, हे काय, जेमतेम हलतंय. आणि मधल्या एका तासात दहा मीटरचा चौथा हिस्सा, अडीच मीटर पाणी चढतं. अडीच मीटरमध्ये तुझे भाऊजी हात वर करून उभे राहिले तरी बोटंसुद्धा बाहेर राहणार नाहीत. मैदानाचा उतार किलोमीटरला दोन मीटर धरला, तर त्या तासाभरात पाण्याची कड सव्वा किलोमीटर पुढे सरकते. डांबरी रस्त्यावर आपण याच्या तिप्पट चालतो. पोटरीभर चिखलात, कडेवर पोर घेऊन, किती चालतो ते भाऊजींना विचार.

मला हे पुस्तकातून कळलं असं सांगितलं तर खोटं होईल. मी प्राणिशास्त्राची मास्तरीण होते. तिशीत असताना याच आखाताच्या एका किनाऱ्यावर विद्यार्थ्यांना निवट्या दाखवायला घेऊन गेले होते. निवटी म्हणजे तो चिखलावर उड्या मारत चालणारा मासा, डोळे टोपीसारखे वर आलेले. बरोबर तिथलाच एक वयस्क मच्छीमार होता. निघतानाच त्याने सांगितलं, मी हाक मारली की वळायचं. त्याने हाक मारली. मी म्हटलं, काका, पाचच मिनिटं, एक मोठी निवटी दिसली आहे. त्या पाच मिनिटांत चिखलातून एक आवाज यायला लागला, तो मी अजून विसरले नाही. खेकड्यांच्या हजारो बिळांतून बुडबुडे फुटत होते. शेगडीवर दूध आटताना येतो तसा बारीक, पुटपुटता आवाज, सगळीकडून. पाणी अजून दिसतही नव्हतं, पण खालून बिळं भरत होती. येताना जो चर आम्ही हसत उडी मारून ओलांडला होता तो परतताना कंबरेपर्यंत होता, आणि आतल्या पाण्याला ओढ होती. त्या माणसाने स्वतःच्या कमरेची दोरी सोडली, पलीकडे गेला, आणि अकरा मुलांना एकेक करून दोरीला धरून आणलं. काठावर आल्यावर मी मुलं चार वेळा मोजली. म्हाताऱ्याने मला एक शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं. भाऊजींना मी नावं ठेवत नाही ती यामुळेच. ‘पाचच मिनिटं’ म्हणणाऱ्यांत मीही होते.

आता बंदीबद्दल. आपण बडोदेकर बंदी पाळत नाही असं मुळीच नाही. विश्वामित्रीच्या पुलाशी मगरीचा बोर्ड दिसला की भाऊजी मुलांना खाली नेतील का? 2024 च्या ऑगस्टच्या पुरात मगरी रस्त्यांवर, सोसायट्यांत आल्या तेव्हा अख्खं गाव गॅलरीत बसून होतं. गीर 16 जून ते 15 ऑक्टोबर बंद असतं. तेव्हा कुणी म्हणत नाही, एक दिवस उघडा, आम्ही लांबून आलोय. सिंहाचा विणीचा हंगाम आहे, ठीक आहे, दिवाळीत जाऊ. आणि खुद्द कावी-कंबोईचंच बघ. भरती आली की महादेव दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो. वेळ झाली की सगळे मुकाट्याने मागे सरतात, लांबून हात जोडतात. देवाचं दार बंद झालं की आपण नमस्कार करतो आणि वनखात्याचं झालं की ओळख काढतो, ही आपली गंमत आहे. दार बंद करणारं पाणी दोन्हीकडे तेच.

कोळीवाड्यांत तर हे फार जुनं आहे. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देईपर्यंत होड्या ओढून ठेवायच्या, ही बंदीच की. पावसाळ्यात दर्या खवळलेला असतो आणि मासळीची वीणही तेव्हाच. आज सरकारी नियमाने पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते, गुजरातेत गेली काही वर्षं ती ऑगस्टच्या मध्यापर्यंत लांबते. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते घरी बसतात आणि आपल्याला डीपीसाठी दोरी ओलांडायची असते. जाऊ दे, सासूबाईंसारखी बोलायला लागले.

किनाऱ्यावरच्या बंद्या वेगवेगळ्या कारणांच्या असतात, हे मुलांना नीट समजावून सांग. काही तुमच्या जिवासाठी असतात: बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला, वाऱ्याचा इशारा आला, की किनारा रिकामा करतात. 2023 च्या जूनमध्ये बिपरजॉय चक्रीवादळ कच्छमधल्या जखौजवळ धडकण्याच्या आधी दिवसचे दिवस किनारे बंद होते, आणि तेव्हाही लाटा बघायला गेलेल्यांना पोलीस हुसकत होते. काही बंद्या तिथल्या जिवांसाठी असतात: कासवं अंडी घालतात, पक्षी घरटी करतात, तुडवून तुडवून मेलेल्या प्रवाळाला श्वास घ्यायला एखादा पट्टा मोकळा ठेवतात. आणि आपल्या गुजरातच्या किनाऱ्यावर तिसरंही कारण आहे. ही सरहद्द आहे, आणि कित्येक निर्जन बेटांवर परवानगीशिवाय उतरायला प्रशासनाची मनाई असते. बोर्डावर कारण लिहिलेलं नसतं, त्यामुळे माणसाला वाटतं की कुणीतरी उगाच अडवतंय. विचारलं तर तिथला चौकीदार सांगतो. मात्र विचारणाऱ्याचा सूर ‘का नाही?’ असा नको, ‘का बरं?’ असा हवा.

आता जामनगर. घरी बसू नकोस, जा. मुलांनी आयुष्यात एकदा बघावं असं ते आहे. कच्छच्या आखातातलं मरीन नॅशनल पार्क हे देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान, 1982 सालचं. त्यात 42 बेटं आहेत, प्रवाळ आहे, तिवरांची जंगलं आहेत (तिकडे त्यांना चेर म्हणतात). इतर ठिकाणी प्रवाळ बघायला नळकांडं पाठीला बांधून पाण्यात शिरावं लागतं. इथे ओहोटीत समुद्र मागे हटतो आणि तू चालत जाऊन बघतेस. त्यासाठी बोट लागत नाही, बेटही लागत नाही. जामनगरहून द्वारकेच्या वाटेवर वाडीनारजवळ नरारा आहे. गेटवर नोंद करायची, गाइड घ्यायचा आणि ओहोटीमागे पाण्यात उतरायचं. समुद्री काकडी, तारामासा, आपल्या अंगाचा रंग पालटणारा ऑक्टोपस, फुलासारखा उघडलेला आणि स्पर्श होताच मिटणारा समुद्रफूल नावाचा प्राणी, हे सगळं गुडघ्याएवढ्या पाण्यात. साडेतीनशे-चारशे किलोमीटर गाडी हाकल्याचं सार्थक होतं.

फक्त एक. गोल फुगणारा मासा गाइड हातावर घेऊन दाखवतात तेव्हा मुलांना फार मौज वाटते. पण तो मासा मौजेने फुगत नाही, जिवाच्या भीतीने फुगतो. तुम्ही आधीच सांगून ठेवा, काका, आम्हाला पाण्यातच दाखवा. गाइड खूश होतात, खरं सांगते. त्यांनाही तो खेळ रोज करावासा वाटत नाही.

तुमची तारीख मी पंचांगात बघितली नाही, बघायची गरजही नाही. लक्ष्मीपूजन अमावास्येला, आणि उधाण सर्वांत जास्त असतं ते अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी. म्हणजे भाऊबीज आणि तिच्या मागचा-पुढचा दिवस हे ऐन उधाणाचे. यात फायदा आणि तोटा एकाच पुडीत आहे. ओहोटी खूप खाली जाते, म्हणून सगळ्यात जास्त प्रवाळ तेव्हाच उघडं पडतं. पण पाणी परत येतं तेही तितक्याच जोराने. कच्छच्या आखातात आतल्या टोकाला हा फरक सात मीटरच्या आसपास जातो, नराऱ्याला त्याहून कमी, पण लहान मुलांना तेवढा पुष्कळ झाला. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते, पाणी संथ असतं, पण मग बघायलाही कमी मिळतं. उधाणाला गेलात तर वेळ पाळायची, एवढाच सौदा आहे. ओहोटी उतरत असताना तिच्या मागे मागे जायचं आणि ओहोटी तळाला पोचते त्या वेळी तुम्ही परतीच्या वाटेवर असायचं. पाणी वळलं की वळू, हा विचार करायचाच नाही.

यावरून तुझे सासरे. त्यांचा हिशोब चुकीचा नाही हं. तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ आली: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. माझी आजी हेच करायची. पण तो हिशोब मुंबई-कोकणच्या उघड्या किनाऱ्याचा. भरती आखातात शिरायला वेळ घेते. कच्छच्या आखातात जसं आत जाल तशी ती उशिरा येते, आणि खंभातच्या आखातात तर कित्येक तास उशिरा. कोकणचं घड्याळ भावनगरला लावलं तर भरतीला ओहोटी समजून माणूस आत चालत जाईल. आजोबांचा मान ठेवायचा असेल, आणि ठेवायला हवा, तर त्यांनाच काम दे. नराऱ्याच्या गेटवर फोन करून त्या दिवसाची ओहोटीची वेळ विचारायची, दुसरीकडे इन्कॉइसच्या (समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था) संकेतस्थळावर जवळच्या बंदराची वेळ बघायची, आणि स्वतःच्या तिथीच्या हिशोबाशी ताडून फरक किती पडतो ते वहीत मांडायचं. मला तो फरक कळवा असंही सांग. माणूस दोन दिवस खूश राहील, आणि वेळ ठरवणारे घरातले सगळ्यात वडील माणूस असतील. मग भाऊजी कुणाला ‘चालशे’ म्हणणार?

तुझ्या प्रश्नाची गाठ मला इथेच दिसते. आजवर ‘नको’ म्हणायचं काम एकट्या तुझ्या गळ्यात पडलंय. ते काढून टाक. वेळ आजोबा सांगतील. वाट गाइड सांगेल. आणि शिट्टी मोठ्या पुतण्याच्या गळ्यात अडकव. त्याला सांग, गाइडकाकांनी ‘चला’ म्हटलं की तू वाजवायची, आणि शिट्टी झाली की आजोबांपासून बाबांपर्यंत सगळ्यांनी वळायचं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला अधिकार दिला की तो वडिलांनाही सोडत नाही, हे मी वर्गात तीस वर्षं बघितलंय.

आणि अगं, तुझ्या पत्रात नवरा एका वाक्यापुरता येतो, तोही तुला गप्प करायला. त्याच्याशी निघायच्या आदल्या दिवशी बोल, जामनगरला नको. नणंदेच्या घरी, ओवाळणीच्या ताटापुढे हा विषय निघाला तर बहीण-भाऊ एका बाजूला आणि तू दुसऱ्या. त्याला फोटो दाखव, ती रेघ दाखव, काही बोलू नकोस.

बोटवाल्याचा विषय मात्र असा गोड बोलून सोडवता येणार नाही. तिथे सरळ नाही म्हणायचं, आणि ते तुझ्या नवऱ्याने म्हणायचं. पिरोटनसारख्या बेटावर जायला वनखात्याची परवानगी लागते. ते कधी पर्यटकांना उघडं असतं, कधी बंद. त्या वेळी काय आहे ते जामनगरच्या उद्यानाच्या कचेरीत विचारायचं. कचेरी नाही म्हणाली तर तो विषय संपला. ‘परवानगीची भानगड नाही’ म्हणणाऱ्या बोटीवर आणखी कशाकशाची भानगड नसते याचा विचार करा. माणसांची यादी नाही, म्हणजे संध्याकाळी परत आला नाहीत तर शोधायचं कुणाला ते कुणालाच माहीत नाही. जॅकेट आहेत की नाहीत, लहान मुलांच्या मापाची आहेत का, ओहोटीत बोट चिखलात बसली तर बारा माणसं आणि एक पाण्याची बाटली घेऊन पुढची भरती येईपर्यंत तिथेच. बडोद्याच्या माणसाला हे मी सांगावं लागू नये. 18 जानेवारी 2024 ला हरणीच्या तलावात सहलीला आलेल्या शाळेच्या मुलांची बोट उलटली. 12 मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेहून जास्त माणसं होती आणि पुरेशी जॅकेट नव्हती. तो गावातला तलाव होता, त्याला भरती नव्हती, काठ हाकेच्या अंतरावर होता. भाऊजींना याहून जास्त काही सांगायची गरज पडली तर मला फोन लावून दे.

आता पायाबद्दल, कारण सहलीला निघताना सगळे नाश्त्याच्या डब्यांचं बघतात आणि पायांचं विसरतात. लिलो चिवडा असू दे, पण चपला नकोत. जुने, लेस बांधता येतील असे बूट आणि मोजे, दोन जोड. प्रवाळाच्या खडकाने कापलेलं चिघळतं. वाळू असलेल्या पाण्यात पाय उचलून टाकायचा नाही, सरपटत न्यायचा. वाळूत दडलेल्या पाकटाला धक्का कळतो आणि तो निघून जातो, थेट पाय पडला तर शेपटीचा काटा मारतो. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा. प्रवाळावर पाय द्यायचा नाही, गाइडच्या पावलामागे पाऊल. खडकाच्या कपारीत हात घालायचा नाही. किनाऱ्यावर निळ्या फुग्यासारखं काही पडलेलं दिसलं तर ते मेलेलं असलं तरी हात लावायचा नाही, त्याच्या दोऱ्या नंतरही डंख मारतात.

चिखलात कुणी रुतलं तर काय, हेही घरात एकदा बोलून ठेवा. धावत जाऊन हात ओढायचा नाही, नाहीतर दोघं रुततात. रुतलेल्याने मागे रेलून बसायचं, जमलं तर पाठीवर पडायचं, वजन पसरलं की चिखल सोडतो. पाय सरळ वर उपसायचा नाही, बूट घट्ट झाला असेल तर सोडून द्यायचा, घोटा गोल हलवत हलवत सैल करायचा. बाकीच्यांनी लांबून ओढणी, दोरी, काठी द्यायची आणि त्याच वेळी दुसऱ्याने फोन लावायचा: 112, आणि समुद्रातलं काम असेल तर तटरक्षक दलाचा 1554. नणंदेला निघतानाच सांगून ठेव की आम्ही अमुक वाजेपर्यंत गेटवर परत येणार, तोवर फोन आला नाही तर गेटवर फोन कर. हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात कमी केलं जाणारं काम.

द्वारकेला जाणार असाल तर शिवराजपूरला थांबाल. तिथे पोहायची जागा आखलेली असते. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे जीवरक्षकाचं लक्ष असतं, नुसता लाल असेल तर पाण्यात जायचं नाही. बस.

राहिला प्रवाळाचा तुकडा. वर्गातलं ते पोर बरोबर आहे. प्रवाळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे ज्या यादीत वाघ आणि सिंह आहेत त्यात. दगडासारखा दिसतो, पण ते हजारो बारक्या जिवांनी बांधलेलं घर आहे, आणि त्याची वाढ वर्षाला एखाद-दोन सेंटिमीटर. तुमच्या शोकेसमधला तुकडा वीतभर असेल तर तुझ्या मुलाच्या वयाइतकी वर्षं तरी तो वाढत होता. (जाऊबाई विचारतील म्हणून सांगते, मंगळाच्या अंगठीतलं पोवळं हे नव्हे. ते लाल पोवळं भूमध्य समुद्रातलं, वेगळ्या जातीचं.) भाऊजींनी ते प्रेमाने आणलं, कायदा माहीत नसेल, यावरून त्यांना बोलू नकोस. शोकेसमधून काढून गुपचूप तापीत-नर्मदेत सोडू नकोस, त्याने कुणाचं भलं होत नाही. नराऱ्यालाही स्वतःच परत टाकू नकोस. निघायच्या आधी जामनगरच्या उद्यानाच्या कचेरीत फोन कर, घरात असा तुकडा आहे, चुकून आणला गेला, जमा करायचाय म्हणून सांग, आणि ते सांगतील तसं कर.

घेऊन या म्हणाले तर कापसात गुंडाळून चिवड्याच्या रिकाम्या डब्यात घाल, आणि कचेरीत गेल्यावर तो डबा तुझ्या मुलाच्याच हातात दे. भाऊजी बरोबर असतील तर बरंच, त्यांना फोटो काढू दे.

– मावशी

ता. क. आजोबांच्या वहीची मी खरंच वाट बघतेय.